सही जुळली!

ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, असं ऐकून होतो. म्हणून मिसिसिपी जॉन हर्ट यांची ‘टुडे!’ (१९६६) ही तबकडी उशाशी रुमाल घेऊनच लावली. पहिलंच गाणं ‘पे डे’! रुमाल घडीत राहिला.

साथीला कोणी नाही. तरी दोघे वाजवताहेत असं वाटतं. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं वर चाल घेऊन हिंडतात. अंगठा म्हणजे अगदी आमचे हेडकॅशियर. कोण आलं, कोण गेलं, मान वर नाही.

गृहस्थांच्या १९२८ सालच्या रेकॉर्डी खपल्या नाहीत. ते आपले ॲव्हलॉन गावी शेतात राबत राहिले. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स यांनी एका गाण्यातल्या गावाच्या नावावरून त्यांना हुडकलं. पस्तीस वर्षं व्यवहार नसलेलं खातं! आवाज जरा जाड झालाय, पण सही जुळते.

तक्रार एकच होती. ‘लुई कॉलिन्स’मध्ये माणूस गोळीनं मरतो आणि हर्टबुवा ते अंगाईच्या सुरात सांगतात. मला ते पटेना. चौथ्यांदा लावलं, तेव्हा इंग्रजीशी उभा दावा असलेली आमची ही स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, “कोण गेलं हो त्यांचं?”