तोफगोळ्यांच्या स्फोटातील धूलिकणांचे मापन : एक चिकित्सा

तोफगोळ्याच्या स्फोटाने हवेत उडणाऱ्या धुळीचे मापन अमेरिकी लष्कराच्या वातावरणविज्ञान प्रयोगशाळेने १९७८ मध्ये न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे हाती घेतले. ‘डस्टी इन्फ्रारेड टेस्ट’ हे त्या प्रयोगमालेचे नाव. आद्याक्षरांतून ‘डर्ट’ हा शब्द योजकांनी जाणूनबुजून साधला असावा. पण नावातील कळीचा शब्द ‘इन्फ्रारेड’ हा आहे. धुळीतून अवरक्त किरण किती पार जातात, म्हणजेच युद्धभूमीवर लक्ष्य दिसते की नाही, हा मूळ प्रश्न होता. ती धूळ कोणाच्या फुप्फुसात जाते, हा नव्हता.

प्रश्न बदलला की मापनही बदलते. किरणांची घट मोजणारे उपकरण संपूर्ण मार्गावरील एकत्रित परिणाम देते. कणांचा आकार व वस्तुमान त्यातून थेट मिळत नाही. त्यासाठी प्रकाशीय कणगणक वापरले जातात. हे गणक कणाने विखुरलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून व्यास ठरवितात आणि तसे करताना कण गोल असल्याचे व त्याचा अपवर्तनांक ठाऊक असल्याचे गृहीत धरतात. स्फोटातील मातीचा कण मात्र ओबडधोबड असतो. शिवाय टीएनटीमध्ये पूर्ण ज्वलनास पुरेसा ऑक्सिजन नसल्याने काजळी निर्माण होऊन ती धुळीत मिसळते. खनिज कण प्रकाश मुख्यतः विखुरतो, काजळी तो शोषते; दोहोंना एकच अपवर्तनांक लावणे सोयीचे असले तरी निष्कर्षाचा आधार म्हणून ग्राह्य नाही. दाट ढगात दोन कण एकाच वेळी किरणासमोर आले तर गणक त्यांना एकच मोठा कण समजतो, ही अडचण वेगळीच. गाळण-कागदावर धूळ गोळा करून तोलण्याचा जुना उपाय वस्तुमानाबाबत अधिक विश्वसनीय. परंतु काही मिनिटांत विरणाऱ्या ढगातील क्षणाक्षणाचा बदल त्यात हरवतो.

आपल्याकडील २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. दिवसभराच्या सरासरीत स्फोटानंतरची पाच मिनिटे जवळजवळ नाहीशी होतात. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र नाशिकजवळ देवळालीत आहे. बेसाल्टपासून बनलेली, ओलावा धरून ठेवणारी दख्खनची काळी माती न्यू मेक्सिकोच्या रुक्ष मातीसारखीच उधळेल, असे मानता येत नाही. त्यामुळे तेथील आकडे उसने घेण्याऐवजी सरावक्षेत्राच्या सीमेवर, माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, मिनिटागणिक गणन आणि त्याच वेळी गाळण-कागदावरील नमुना अशी जोड मांडणी करावी लागेल. तीही एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर.