पोलिसी मालिका आणि ओवरीतला माणूस

जे लोकरंजन घराघरांत पोचते, त्याची पारख केवळ रंजनाच्या तराजूने करून भागत नाही. कीर्तनकार आख्यानात कोणास कोणती भूमिका देतो यावरून श्रोत्यांची दृष्टी घडत जाते. चित्रवाणीवरील पोलिसी मालिकांची गोष्टही तीच आहे. म्हणून या मालिकांतील ‘वेडा’ कसा असतो, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘सीआयडी’ ही मालिका १९९८ पासून २०१८ पर्यंत वीस वर्षे चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. शिवाजी साटम यांनी रंगविलेला प्रद्युम्न मराठी कुटुंबांत आप्तासारखा वावरला, आणि या लोकप्रियतेचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु त्या जगात साळुंखे यांची प्रयोगशाळा सदैव सज्ज असते, माणसांची वाण नसते, आणि दार उघडले नाही तर दया ते फोडतो. सरकारी यंत्रणेची ओढाताण म्हणून काही असते, याची गंधवार्ताही प्रेक्षकास लागत नाही. या जातीच्या मालिकांत कथानक अडले की लेखकाच्या मदतीस हमखास धावून येतो तो दुभंगलेल्या मनाचा खुनी. विस्फारलेले डोळे आणि भेसूर हास्य दाखविले की गुन्ह्याचा हेतू शोधण्याचे श्रम वाचतात. वस्तुस्थिती अशी की, मनोविकाराने पीडित माणसांपैकी बहुतेकांच्या हातून कधीही हिंसा घडत नाही. उलट तीच अनेकदा इतरांच्या अत्याचारास बळी पडतात.

‘देवमाणूस’ (२०२०-२१) ही झी मराठीवरील मालिका याहून धीट निघाली. सातारा जिल्ह्यात वाई येथे २०१६ साली उघडकीस आलेल्या खूनसत्राची छाया तिच्यावर होती. तिचा खलनायक वेडा नसून गोड बोलणारा, थंड डोक्याचा तोतया डॉक्टर आहे, आणि ही निवड आम्हांस योग्य वाटली. मात्र गाव त्याच्यावर विश्वास का ठेवते, याचे उत्तर मालिकेने गावकऱ्यांच्या भोळेपणातच अधिक शोधले. जिथे खरा डॉक्टर हाताशी नसतो, तिथे अपरात्री हाकेला धावणारा देवच ठरतो, या मुद्द्यापाशी ती फारशी थांबली नाही.

वास्तविक पोलीस आणि मनोरुग्ण यांची खरी गाठ निराळ्याच ठिकाणी पडते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १०० प्रमाणे निराधार भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण आढळल्यास ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्यास संरक्षणात घ्यावे आणि २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यावे. त्यास कोठडीत ठेवू नये. तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा.

आता हा प्रसंग आपल्या मुलखात कल्पून पाहावा. हब्बनहट्टीच्या मारुतीपासून कणकुंबीच्या माउलीपर्यंत कोणत्याही देवळाच्या ओवरीत, भर पावसात, एक अनोळखी माणूस येऊन बसला आहे. त्यास कानडी, मराठी वा कोंकणी, कोणतीच भाषा उमगत नाही. जांबोटीच्या एका बाजूस धारवाडची मनोविकार संस्था दूर. दुसऱ्या बाजूस चोर्ला घाट उतरून गोव्यातील बांबोळीचे इस्पितळ, पण ते परराज्यात. देशात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ सुमारे ०.७५, म्हणजे एकही पुरता नाही. गाडी, सोबतीचा माणूस आणि दुभाषा यांची जुळवाजुळव करणारा हवालदार आणि सरत चाललेले २४ तास! याहून उत्कंठेचे कथानक कोणते? यात खलनायक नाही. अपुरे पडणारे हात मात्र आहेत. ते दाखविल्याने पोलिसांचा वा डॉक्टरांचा मान उणावणार नाही, वाढेलच.

दोष केवळ मुंबईच्या निर्मात्यांचा नव्हे. आपल्या जत्रांच्या नाटकांतही वेडा येतो तो हशा पिकविण्यासाठी किंवा भय घालण्यासाठीच. पुढील जत्रेचे नाटक निवडताना देवस्थान समित्यांनी त्या पात्राला नाव, गाव आणि वाट पाहणारी आई आहे की नाही, एवढे तरी संहितेत पाहावे, अशी आमची विनंती आहे. असा माणूस ओवरीत प्रत्यक्ष आला, तर त्यास प्रथम पाहणारे आपणच असणार.