दोघांचा अल्बम, बाकीच्यांची नावं

मुखपृष्ठावर दोनच नावं छापलेली असली, की आपला कान आपोआप जुगलबंदीच्या तयारीला लागतो. बिस्मिल्ला खाँ आणि व्ही. जी. जोग यांची शहनाई-व्हायोलिन ऐकलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. दोघं तुल्यबळ हवेत, षड्ज एक हवा, आणि एकानं मोकळी ठेवलेली जागा दुसऱ्यानं ओळखायला हवी. हार्ड रॉकमधले दोन नामवंत एकत्र येतात तेव्हा हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. जुगलबंदीच्या रेकॉर्डवर तबलजीचंही नाव असतं. रॉकमध्ये ते असतं का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

लेड झेपलिन हा गट ड्रमवादक जॉन बॉनमच्या मृत्यूनंतर १९८० साली विसर्जित झाला. गिटारवादक जिमी पेजनं १९९३ मध्ये गायक डेव्हिड कव्हरडेलबरोबर ‘कव्हरडेल-पेज’ हा अल्बम केला. त्यात पेजची गिटार दमदार आहे. मात्र कव्हरडेलचा आवाज वारंवार रॉबर्ट प्लांटच्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहतो. दोन्ही वादी स्वर झाले, संवादी कोणीच नाही, असं मला तो ऐकताना होतं. पुढच्याच वर्षी खुद्द प्लांट परतला आणि दोघांचा ‘नो क्वार्टर’ आला. त्यात चार नवी गाणी होती, बाकी झेपलिनच्याच काळातली, नव्यानं बांधलेली. हुसाम रामझी यांच्याबरोबरचे इजिप्शियन वादक, मराकेशचे ग्नावा वादक, भारतीय वंशाची ब्रिटिश गायिका नजमा अख्तर अशी मंडळी त्यात आहेत.

या अल्बमची गाणी वाचताना दोन नावांपाशी मी थबकतो: ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. हीच दोन गाणी पेज आणि प्लांट यांनी १९७२ साली मुंबईत, भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केली होती. बॉनम आणि बेसवादक जॉन पॉल जोन्स त्या वेळी सोबत नव्हते. वादकांना जमवून त्यांचं संचालन करण्याचं काम बासरीवादक विजय राघव राव यांच्याकडे होतं. म्हणजे ‘दोघांचा अल्बम’ ही कल्पना पहिल्यांदा उभी राहिली ती आपल्याकडे. मुद्रण मात्र चोरट्या प्रतींतूनच फिरत राहिलं. अधिकृतपणे ते २०१५ मध्ये ‘कोडा’च्या वाढीव आवृत्तीत आलं, त्रेचाळीस वर्षांनी.

‘फोर स्टिक्स’चं नाव बॉनमनं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवल्यावरून पडलं. गाण्याची चाल पाच आणि सहा मात्रांमध्ये आलटून पालटून चालते. पाश्चात्त्य ड्रमवादकाला ती डोक्यात मोजावी लागते. झपतालाच्या पाच-पाचच्या घडणीत वाढलेल्या तबलजीला पाच मात्रा परक्या नाहीत, पण पाचावरून सहावर अशी उडी पुन्हा पुन्हा घेणं त्यालाही नवं. मुंबईच्या मुद्रणात ही उडी ऐकू येते. तबला बॉनमचं वजन उचलत नाही, उचलायचा प्रयत्नही करत नाही. तो चालीला हलकं करतो. तंतुवाद्यं गिटारची तुटक वाक्यं मींडेनं जोडतात. ‘फ्रेंड्स’मध्ये हा मेळ जास्त जमला आहे, कारण मूळ १९७० च्या गाण्यातच जोन्सनं तंतुवाद्यांची पूर्वेकडे झुकणारी रचना केली होती.

१९९४ ची दोन्ही रूपं अधिक सफाईदार आहेत. तालवाद्यं भरगच्च, तंतुवाद्यांचा आवाज रुंद. तरीही मुंबईच्या मुद्रणातली एक गोष्ट तिथं सापडत नाही: एकमेकांची भाषा न येणारे वादक वाजवता वाजवता वाट शोधत आहेत, तो सावधपणा. ‘नो क्वार्टर’मध्ये वाट आधीच आखलेली आहे.

आता नावांकडे येऊ. २०१५ च्या आवृत्तीत दोन्ही गाण्यांच्या शीर्षकापुढे कंसात लिहिलं आहे: ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. सारंगी, तबला, व्हायोलिन वाजवणारे हात शीर्षकात असे एका शहराच्या नावात विरघळले. खुद्द जोन्सचीही गत फार वेगळी नाही. ‘नो क्वार्टर’ हे ज्या गाण्याचं नाव, त्याचा कणा जोन्सचा कीबोर्ड होता. १९९४ च्या प्रकल्पात त्याला बोलावलंच नाही. दोघांचं नाव मोठं करायचं तर तिसऱ्याला लहान करावं लागतं, असा या व्यवहाराचा हिशेब दिसतो.

दोष एकट्या परदेशी पाहुण्यांना देता येणार नाही. हिंदी चित्रपटसंगीतानं सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोवेकर संयोजकांना आणि शेकडो वादकांना असंच पडद्याआड ठेवलं. ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकासाठी मुंबईच्या वादकांना भेटून त्यांच्या आठवणी नोंदवल्या, तेव्हा कुठे त्या जगाचा नकाशा हाती आला.

मी नेरुळला राहतो. इथल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डिसेंबर २०१९ मध्ये यूटू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले येऊन गेले. रॉकच्या नकाशावर नवी मुंबई आली, याचा आनंद मलाही आहे. पण १९७२ साली या महानगराचा वाटा स्टुडिओच्या आत, वाद्यं लावून बसलेला होता; आज तो बहुतेक तिकीट, मैदान आणि जादा लोकल यांचा आहे. यूटूनं कार्यक्रमाआधी ए. आर. रहमान यांच्याबरोबर ‘अहिंसा’ हे गाणं काढलं आणि त्यावर रहमान यांचं नाव बरोबरीनं छापलं, ही सुधारणा खरी. ती नामवंतापर्यंत पोचली आहे; रांगेतल्या व्हायोलिनवादकापर्यंत पोचायची आहे.

१९७२ मध्ये पंचविशीत असलेला वादक आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या घरी एखादी डायरी, मानधनाची पावती, सहकाऱ्यांचा फोटो अजून असू शकतो. ही नावं मिळवायची तर काम याच दशकात व्हायला हवं. पेज आणि प्लांट यांच्यावर लिहिणारे जगभर पुष्कळ आहेत. दादर, गिरगाव, वांद्रे इथल्या चाळींचे आणि सोसायट्यांचे जिने चढून हे विचारायचं काम मात्र आपलंच आहे.