प्रक्षेप आणि प्रकाशनाची घाई

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरविषयी लिहिताना एरिक रेमंड यांच्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ (1997) या निबंधाचा हवाला हमखास दिला जातो. संहिता सर्वांसमोर उघडी असेल आणि तपासणारे डोळे पुरेसे असतील, तर दोष फार काळ लपत नाही, असे त्याचे सूत्र आहे. पण हे डोळे नेमके कोणत्या प्रतीवर खिळलेले असतात, हा प्रश्न त्यात येत नाही. पाठचिकित्सा करणाऱ्याला तो सर्वांत आधी पडतो. 2024 सालच्या ‘एक्सझेड’ प्रकरणाकडे त्या दृष्टीने पाहायला हवे.

‘एक्सझेड’ हे माहिती दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरांत ते असते. त्याचा सांभाळ मात्र फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने आणि बिनपगारी करत होते. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला : नवी आवृत्ती का निघत नाही, काम दुसऱ्याकडे का देत नाही? ही नावे बनावट असावीत, असे आता मानले जाते. त्याच काळात ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी निमूटपणे उपयोगी दुरुस्त्या पाठवत होते. विश्वास बसला, अधिकार मिळाले. 24 फेब्रुवारी 2024 रोजी 5.6.0 ही आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात परक्याला सर्व्हरमध्ये शिरू देणारा चोरदरवाजा होता.

वेळही पाहण्यासारखी आहे. ‘फेडोरा 40’ आणि ‘उबुंटू 24.04’ या लिनक्सच्या आवृत्त्या एप्रिलमध्ये यायच्या होत्या. अशा प्रकाशनाआधी ‘फ्रीझ’ लागतो, म्हणजे ठरल्या दिवसानंतर नवे काही सहसा घेत नाहीत. त्याआधी आपली आवृत्ती आत जावी म्हणून जिया तानने पाठपुरावा केला. घातक सामग्री चाचणीच्या नमुना फायलींत दडवलेली होती. ती जागी करणारा मजकूर उघड्या भांडारात नव्हताच, तो केवळ प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. लोक वाचत होते एक प्रत, वापरत होते दुसरी.

आपल्या परंपरेत याला शब्द आहे : प्रक्षेप. पैठणला एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांतरांनी मूळ ग्रंथ गढुळला होता म्हणूनच. शेवटी त्यांनी यात कुणी स्वतःची ओवी घालू नये असेही बजावले. तोही एक फ्रीझच. साम्य फार ताणू नये. पोथीतला प्रक्षेप पुष्कळदा भक्तीतून येई, इथे कपट होते. त्याहून मोठा फरक असा की नाथांपुढे दुसऱ्याने ठरवलेली तारीख नव्हती.

दुसरे उदाहरण आमच्या बीडचे. इथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून वि. का. राजवाडे यांनी 1909 साली ज्ञानेश्वरी छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे मांडले. ती पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे छापील प्रत मुळाशी ताडून पाहण्याची वाट बंद झाली आणि वाद उरला.

‘एक्सझेड’मध्ये ही वाट उघडी होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरमध्ये शिरताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि 29 मार्चला गोष्ट जाहीर केली. उबुंटूने आपली चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली. रेमंड यांचे समर्थक याला त्यांच्या सूत्राचा विजय म्हणतील. ते अर्धेच खरे आहे. खुलेपणामुळे शोध घेता आला. पण महिनाभर हजारो डोळ्यांनी काहीच पाहिले नाही, आणि एका माणसाला खटकले ते संहिता वाचताना नव्हे, तर यंत्र मंदावल्यामुळे.

तेव्हा खुलेपणा आवश्यक आहे, पुरेसा नाही. प्रकाशित गठ्ठा मुळापासून दुसऱ्याने पुन्हा बांधून ताडून पाहावा. ज्या कंपन्या आणि सरकारे या कामावर उभी आहेत, त्यांनी सांभाळणाऱ्याच्या जोडीला पगारी माणूस द्यावा. आणि तारीख आली तरी ‘प्रत अजून तयार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्या सांभाळणाऱ्याकडेच राहिला पाहिजे.