सोललेली बॅसिलिका

गोव्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेचा एक फोटो असतोच. लालसर, खडबडीत, ‘किती जुनं’ वाटणारा. माझं भांडण त्या जुनेपणाशीच आहे.

१६०५ साली चर्चचं पवित्रीकरण झालं, तेव्हा त्याच्या भिंती अशा उघड्या नव्हत्या. जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रू या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढून टाकला, इमारत प्राचीन दिसावी म्हणून. आपण ज्या रूपाला चारशे वर्षांचं समजतो, ते आपल्या आजोबांच्या काळातलं आहे.

फसवणूक दिसण्यापुरती असती तर चाललं असतं. पण जांभा सच्छिद्र असतो, पाऊस पितो, आणि गोव्यात पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको. गिलावा ही इमारतीची कातडी. आमच्या डहाणू-तलासरीत कारवीच्या कुडावर शेणमाती लिंपतात, तिच्यावर गेरू, आणि मग तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आतली कारवी छान दिसते म्हणून कुणी लिंपण खरवडत नाही.

दर्शनी भागावरचं काळ्या दगडाचं नक्षीकाम मला सगळ्यात आवडतं. हा दगड वसईहून नेलेला. (वसईच्या किल्ल्यातली चर्चं आज बिनछपराची उभी आहेत, त्यांचा दगड इथे धडधाकट आहे!) चुन्याच्या भिंतींच्या सोबतीला त्या काळ्या रेघा किती उठून दिसल्या असत्या. आता लाल आणि काळं एकमेकांत मिसळून जातं.

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाचं दर्शन होतं. शव बॅसिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेलं होतं. त्याच्यासाठी काचेची पेटी आहे, गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली चांदीची पेटी आहे, खाली फ्लॉरेन्सहून आलेला संगमरवरी चौथरा आहे. इतकी आवरणं! आणि हे सगळं ज्या घरात राहतं, त्याच्या भिंती उघड्या. रस्त्यापलीकडचं से मात्र पांढरंशुभ्र, चुना ल्यालेलं.

लाल रूपाशी भाविकांची नाती जुळली आहेत, हे मान्य. दोन-तीन पिढ्यांनी तेच पाहिलंय. तरी मी गिलाव्याच्या बाजूने. आधी पावसाचा मारा खाणाऱ्या भिंती लिंपा. दर्शनी भागावरून नंतर निवांत भांडू.