तुमच्या हातातलं कार्ड पळवणं फेअर आहे का?

संशोधनाचा विषय शोधणाऱ्या मुलांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "मला अमुक गोष्ट फेअर आहे की नाही, हे शोधायचंय." मग ती गोष्ट परीक्षेतलं नॉर्मलायझेशन असो, कर्जाचा अल्गोरिदम असो की एखादा गेम. वाक्य छान वाटतं, पण गाइडसमोर दोन मिनिटंही टिकत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: फेअर म्हणजे काय मोजणार? आज हाच प्रश्न एका छोट्या, बंदिस्त आणि नियम लिहून ठेवलेल्या जगात घासून बघू. ते जग म्हणजे डिजिटल कार्ड गेम, आणि त्यातली सगळ्यात शिव्या खाणारी कार्डं: समोरच्याचा डाव बिघडवणारी, म्हणजे डिसरप्शनची.

उदाहरण म्हणून हार्थस्टोन घेते. ब्लिझर्डचा हा गेम २०१४ मध्ये आला. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यापुरतं थोडक्यात: प्रत्येकाचा ३० कार्डांचा डेक, दर पाळीला एक कार्ड ओढायचं, आणि कार्ड खेळायला 'माना' नावाचं इंधन लागतं, ते दर पाळीला एकाने वाढत दहापर्यंत जातं. समोरच्याचं आयुष्य शून्यावर आणलं की जिंकलात. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. समोरच्याची पाळी चालू असताना तुम्हाला काहीच करता येत नाही. आधी लावून ठेवलेली 'सीक्रेट' कार्डं आपोआप फुटतात, तेवढंच. बाकी हात बांधून बघत बसायचं.

मॅजिक: द गॅदरिंगमध्ये असं नाही. रिचर्ड गारफिल्डने तो खेळ १९९३ मध्ये आणला. (त्याच वर्षी कॉम्बिनेटोरिक्समधली त्याची पीएचडीही झाली, त्यामुळे प्रबंध लिहिता लिहिता दुसरं काही करणं पाप आहे असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण फेकून मारा.) मॅजिकमध्ये समोरच्याने कार्ड टाकलं की तिथल्या तिथे 'काउंटरस्पेल' टाकून ते रद्द करता येतं. हार्थस्टोनच्या डिझायनरांनी खेळ वेगवान राहावा म्हणून ती सोय काढून टाकली. पण गरज तर संपली नाही. कुणी आठ-दहा पाळ्या नुसती कार्डं साठवून एका झटक्यात तुम्हाला संपवणारा कॉम्बो जुळवत असेल, तर त्याला अडवायचं कसं? ऐनवेळी अडवता येत नाही, मग आधीच अडवायचं. त्याच्या हातातून किंवा डेकमधून. डिसरप्शनची कार्डं दुष्टपणातून आलेली नाहीत, ती या बांधलेल्या हातांतून आली आहेत. "असली कार्डं काढूनच टाका" म्हणणारे लोक हा भाग सोडून देतात.

आता तीन कार्डं शेजारी शेजारी ठेवू.

पहिलं डर्टी रॅट, डिसेंबर २०१६ चं. दोन मानाचा उंदीर. खेळला की समोरच्याच्या हातातलं एक मिनियन, कुठलंही, थेट पटावर येतं. तुमच्या हातात तीन मिनियन असतील आणि त्यातलं एक कॉम्बोचं असेल, तर ते ओढलं जाण्याची शक्यता एक-तृतीयांश. आणि हे फुकट नाही. दुसऱ्याच पाळीला तुमचं दहा मानाचं धूड फुकटात पटावर आलं, तर उंदीर खेळणाऱ्याचीच वाट लागते. म्हणून तो थांबतो, तुमच्या हातात काय असेल याचा अंदाज घेतो, आणि आलेलं मिनियन तिथल्या तिथे मारायची तयारी झाल्यावरच खेळतो. तुम्हीही काही करू शकता: दोन फालतू मिनियन मुद्दाम हातात राखून ठेवायचे, म्हणजे कॉम्बोचं कार्ड गर्दीत लपतं. आपल्या बदाम सातमध्ये इस्पिकची अठ्ठी दाबून ठेवणारी आत्या आठवा. खेळायला दुसरं पान आहे तोवर ती अठ्ठी सोडत नाही, आणि तिच्यामुळे इतरांची नव्वी-दश्शी हातात कुजते. राग येतो, पण आत्याने चीटिंग केली असं कुणी म्हणत नाही. उद्या तुम्हीही तेच करणार असता.

दुसरं थिओटार, ऑगस्ट २०२२ चं. याने तुमच्या हातातली तीन कार्डं बघायची, एक निवडायचं, मग स्वतःच्या हातातून एक निवडायचं आणि अदलाबदल. गणित करा. हातात पाच कार्डं असतील तर तुमचं महत्त्वाचं कार्ड त्या तिनात असण्याची शक्यता ६० टक्के. दहा असतील तरी ३०. आणि एकदा दिसलं की गेलंच, कारण निवड नशीब करत नाही, तो करतो. वर त्याच्याकडचा कचरा तुमच्या गळ्यात. उंदराच्या खेळात दोघांचाही जीव टांगणीला होता. इथे धोका एकाच बाजूला आहे. हे कार्ड आलं तेव्हा चार मानाचं होतं. ब्लिझर्डने नंतर त्याची किंमत वाढवली. मला ते योग्यच वाटतं. कल्पनेत खोट नव्हती, भावात होती.

तिसरं टिकॅटस, नोव्हेंबर २०२० चं, आणि आपल्या कामाचं सगळ्यात जास्त हेच. सहा मानाचं हे राक्षस-कार्ड हातात असताना त्याहून महागडं कार्ड खेळलं की ते 'करप्ट' होतं, आणि मग टाकलं की समोरच्याच्या डेकमधली वरची पाच कार्डं जळून जातात. एकेक करून, तुमच्या डोळ्यांदेखत.

समजा डेकमध्ये २० कार्डं उरलीत आणि एक तुमचा हुकमी एक्का आहे. वरची पाच जळाली तर तो जाण्याची शक्यता २० पैकी ५, म्हणजे २५ टक्के. आता दुसरी कल्पना करा: कुणी काहीच जाळलं नाही, पण डेकमध्ये पाच कार्डं शिल्लक असतानाच डाव संपला. तुमचा एक्का त्या तळच्या पाचात अडकून राहिला असण्याची शक्यता किती? तीच, २५ टक्के. पिसलेल्या डेकला वर आणि खाली यातला फरक कळत नाही. संभाव्यताशास्त्रात याला एक्स्चेंजेबिलिटी म्हणतात. डेक संपायच्या आधी डाव संपणार असेल आणि डेकमधून कार्ड शोधून आणायची सोय तुम्ही वापरत नसाल, तर टिकॅटसने वरची पाच जाळली काय आणि तळची पाच तळाशीच राहिली काय, तुमच्या जिंकण्याच्या शक्यतेत काडीचाही फरक पडत नाही. २०१७ मधलं नोमफेराटू नावाचं कार्ड फक्त एकच वरचं कार्ड जाळायचं. त्यावरही अशीच बोंब झाली, आणि तिथेही गणित हेच.

तळाशी अडकलेल्या कार्डांसाठी कधी कुणी रडलंय का? नाही. मग जळालेल्यांसाठी एवढा आक्रोश का?

इथे बरेच जण पटकन म्हणतात, "लॉस अॅव्हर्जन!" काहनेमन आणि ट्वर्स्की, १९७९, नफ्यापेक्षा तेवढाच तोटा जास्त टोचतो, विषय संपला. मला हे उत्तर आळशी वाटतं, आणि तुम्हालाही वाटायला हवं. तोटा तर उंदरानेही केला, थिओटारनेही केला, आणि समोरच्याने साधा वार करून तुमचं मिनियन मारलं तेव्हाही झाला. सगळीकडे लागू होणारं कारण 'इथेच जास्त का' याचं उत्तर देत नाही. असा सिद्धांत साहित्य-आढाव्यात शोभून दिसतो, पण काम करत नाही.

जास्त कामाची वाट वेगळ्याच क्षेत्रात सापडते. थिबो आणि वॉकर यांचं प्रोसीजरल जस्टिसवरचं पुस्तक १९७५ चं आहे. विषय कोर्टकचेऱ्यांचा: वाद सोडवायची पद्धत लोकांना न्याय्य कधी वाटते? त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की निकाल काय लागला एवढंच महत्त्वाचं नसतं. त्या प्रक्रियेत आपली बाजू मांडायला, काही हलवायला आपल्याला जागा होती का, यावरही न्याय्यतेची भावना ठरते. हा चष्मा लावून तीन कार्डं पुन्हा बघा. उंदराआधी तुम्ही हात भरून ठेवू शकत होता. थिओटारआधी थोडंफार, म्हणजे महत्त्वाचं कार्ड लवकर खेळून टाकणं. टिकॅटसआधी? डेकमधल्या क्रमावर तुमचा ताबा नसतोच. तुम्ही फक्त प्रेक्षक. आणि डिजिटल असल्याने ते प्रेक्षकपण अॅनिमेशनसकट अंगावर येतं. हार्थस्टोनमध्ये जळणारं कार्ड उघडं दाखवतात. खरं तर ते तुमच्या फायद्याचं आहे, काय गेलं ते कळल्यावर तुम्ही डावपेच बदलू शकता. पण त्या क्षणी ही माहिती म्हणजे जखमेवर मीठ.

सावध मात्र राहा. कोर्टातला सिद्धांत पत्त्यांच्या खेळात आणला, तर ते सध्या फक्त साम्य आहे, पुरावा नाही.

आता उलट बाजू. "गणिताने फरक पडत नाही, म्हणजे कार्ड फेअर" हेही तेवढंच घाईचं आहे. मी वर अटी घातल्या होत्या: डेक संपायच्या आत डाव संपला तर. दोन संथ डेक समोरासमोर आले की डाव शेवटच्या कार्डापर्यंत जातो, आणि तिथे पाच कार्डं जळणं म्हणजे पाच कार्डं खरोखर जाणं, शिवाय डेक लवकर संपल्यावर होणारी इजा वेगळीच. उलट वेगवान डेकसमोर टिकॅटस खेळायची वेळ येईपर्यंत डाव आटोपलेला असतो. समजा, हे आकडे मी मनाने घेतेय, टिकॅटसचा डेक संथ डेकविरुद्ध शंभरपैकी ७० डाव जिंकतो, वेगवान डेकविरुद्ध ३०, आणि दोन्ही प्रकारचे खेळाडू निम्मे निम्मे. सरासरी विन रेट ५० टक्के. एक्सेल शीटवर याहून फेअर कार्ड सापडणार नाही. प्रत्यक्षात मात्र डावाचा निकाल बऱ्याच अंशी समोर कोण आला तिथेच लागलेला असतो. सरासरी काढली की हे पुसलं जातं. गेम कंपन्या असोत की आपल्या विभागातले शोधनिबंध, एका आकड्यावर 'बॅलन्स' सिद्ध करायची खोड सगळीकडे आहे.

तर माझं मत: डर्टी रॅट फेअर, आणि कॉम्बो असलेल्या खेळात आवश्यकही. थिओटार कल्पना म्हणून चालेल, मूळ भावात नाही. टिकॅटस बहुतेक डावांत आकड्यांनी निर्दोष आणि तरी वाईट घडवलेलं कार्ड आहे, कारण ते समोरच्याला करायला काहीच देत नाही. कॉम्बोवाले यावर म्हणतील की आम्हाला नको आहे असला न्याय, आमचं कार्ड पळवूच नका. पण त्यांचा कॉम्बोही समोरच्याला काही करू देत नाही, आणि ही तक्रार त्यांच्या तोंडून क्वचितच निघते.

मताचं संशोधन करायचं असेल तर? तुमच्यापैकी कुणाला लघुप्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या. एक साधा कार्ड गेम बनवा, ज्यात डेक संपायच्या आधी डाव नक्की संपतो. तीन गट करा. पहिल्या गटाची वरची पाच कार्डं उघडी दाखवून जाळा. दुसऱ्याची पाच कार्डं उपडीच ठेवून तळाशी सरकवा, आणि तसं सांगा. तिसऱ्याला वरच्या पाच-पाच कार्डांचे दोन उपडे गठ्ठे द्या आणि कुठला जाळायचा ते त्यालाच निवडू द्या. आकड्यांनी तिन्ही सारखंच. पहिल्या दोनांतला फरक दिसण्याचा परिणाम सांगेल (उघड्या कार्डांमुळे माहितीही मिळते, तेव्हा उरलेल्या डावात ती वापरता येणार नाही असे नियम ठेवा). दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक सहभागाचा. निवड पूर्ण आंधळी असूनही तिसरा गट "फेअर होतं" म्हणाला, तर थिबो-वॉकरवाली वाट धरायला काहीतरी आधार मिळेल. नाही म्हणाला तर माझं वरचं अर्धं म्हणणं कोसळतं.

आणि फोरमवरच्या पोस्टी गोळा करून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका. तिथे हरल्यावर पाच मिनिटांत लिहिणारे लोक भेटतात. टिकॅटस अंगावर येऊनही जिंकलेला माणूस पुढचा डाव खेळत असतो. याच कारणासाठी प्रयोगातही 'हे फेअर होतं का' हा प्रश्न डाव संपल्यावर नाही, कार्डं जळाल्याबरोबर विचारा, निकाल कळायच्या आत.