श्व्येंतोस्वावा

(सु. ९६८ – १०१४ नंतर). पोलंडचा पहिला ख्रिस्ती अधिपती पहिला म्येश्को (मृ. ९९२) याची कन्या, बॉलेस्वाफ द ब्रेव्ह याची बहीण आणि डेन्मार्क व इंग्लंडचा राजा कनूट द ग्रेट (मृ. १०३५) याची माता. तिचे अस्तित्व निर्विवाद आहे. नाव व पूर्ववृत्त मात्र वादग्रस्त आहे. श्व्येंतोस्वावा हे नाव तिच्या संदर्भात कोणत्याही समकालीन ग्रंथात आढळत नाही.

सर्वांत विश्वसनीय साक्ष मर्झबुर्खचा बिशप थीटमार (मृ. १०१८) याची होय. डेन्मार्कचा राजा स्वेन फोर्कबिअर्ड याला म्येश्कोच्या मुलीपासून हाराल्ड व कनूट हे पुत्र झाले आणि पतीने तिला दीर्घकाळ दूर ठेवल्यामुळे तिला बरेच क्लेश सोसावे लागले, असे तो सांगतो. ती बॉलेस्वाफची बहीण असल्याचेही तो नमूद करतो. नाव देत नाही. थीटमार हा बॉलेस्वाफचा कट्टर विरोधक असल्याने त्या घराण्याची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी त्याने हे नाते रचले असण्याचा संभव नाही. कनूटची राणी एमा हिच्या स्तुतिपर सु. १०४१-४२ मध्ये लिहिलेल्या लॅटिन ग्रंथातही, स्वेनच्या मृत्यूनंतर (१०१४) दोघा भावांनी स्लाव्हांच्या देशात राहणाऱ्या आपल्या आईला परत आणले, असा उल्लेख येतो. भिन्न हेतूंनी लिहिलेली ही दोन कथने परस्परांना पूरक ठरतात, हे विशेष महत्त्वाचे.

खरा पेच ब्रेमेनच्या ॲडमपासून (सु. १०७५) सुरू होतो. त्याच्या ग्रंथानुसार स्वेनने स्वीडनचा राजा विजयी एरिक याच्या विधवेशी विवाह केला. ती ओलॉफ शटकोनुंगची माता असून तिलाच पुढे कनूट झाला. ग्रंथाच्या समासातील एका टीपेत, बॉलेस्वाफने आपली ‘मुलगी किंवा बहीण’ एरिकला दिली, असे म्हटले आहे. बॉलेस्वाफचा जन्म ९६७ चा, तेव्हा एरिकच्या हयातीत (मृ. सु. ९९५) त्याला ओलॉफची माता होण्याइतकी मोठी मुलगी असणे शक्य नव्हते. बहीण हाच पर्याय उरतो. ॲडमचा एक प्रमुख माहितगार डेन्मार्कचा राजा स्वेन एस्ट्रिडसन, म्हणजे स्वेन फोर्कबिअर्डचा नातू, होता. त्यामुळे हे कथन सहजासहजी बाजूस सारता येत नाही.

तथापि कालगणना जुळत नाही. ओलॉफच्या नावाने सिगटूना येथे सु. ९९५ पासून नाणी पाडली जाऊ लागली. त्याचा जन्म सु. ९८० मानला, तर ९६५ मध्ये म्येश्कोशी विवाह झालेल्या डोब्राव्हाची मुलगी त्याची माता होण्यास फारच लहान ठरते. ती म्येश्कोच्या पूर्वीच्या, ख्रिस्ती होण्याआधीच्या एखाद्या स्त्रीपासून झालेली असावी, ही तोड सुचविता येते; पण तिला आधार नाही. दुसरीकडे, एरिकच्या मृत्यूनंतरच स्वेनशी विवाह झाला असेल, तर १०१३ च्या इंग्लंडवरील स्वारीत कनूट जेमतेम सतरा वर्षांचा होता असे मानावे लागते. ही गोष्ट अशक्य नव्हे. त्याच्या दरबारी कवीनेही त्याच्या कोवळ्या वयाचे कौतुक केले आहे.

आइसलँडच्या सागांत वेगळेच चित्र दिसते. स्नॉरी स्टर्लसनच्या हाइम्सक्रिंगला (सु. १२३०) या ग्रंथात दोन स्त्रिया आहेत : वेंडांचा राजा बुरिसलेफ याची मुलगी गुनहिल्ड, ही कनूटची आई, आणि स्कोगुल-तोस्तीची मुलगी मानी सिग्रिड, ही प्रथम एरिकची व गुनहिल्डच्या मृत्यूनंतर स्वेनची पत्नी. मागणी घालण्यास आलेल्या लहानसहान राजांना सिग्रिड जाळून मारते. नॉर्वेचा ओलाफ ट्रिग्व्हासन धर्मांतराची अट घालून हातमोज्याने तिच्या तोंडावर मारतो, तेव्हा तो अपमान मनात ठेवून ती स्वोल्डरच्या लढाईत (सु. १०००) त्याचा नाश घडवून आणते. प्रसंग रंगतदार खरा. पण अनेक राजांचे राजकीय वैर एका स्त्रीच्या सूडावर ढकलण्याची ही कथाकाराची क्लृप्ती आहे. घटनेनंतर दोन शतकांहून अधिक काळाने लिहिणाऱ्या स्नॉरीने एका स्त्रीच्या दोन केल्या की ॲडमने दोघींची एक केली, हा वाद त्यामुळे सागांच्या बळावर सुटत नाही. सागांतील बुरिसलेफमध्ये म्येश्को आणि बॉलेस्वाफ हे पितापुत्र एकवटले आहेत, ही गोष्ट मात्र सागांच्या स्मृतीची मर्यादा दाखविते. गुनहिल्डचा मृत्यूही एमाच्या स्तुतिग्रंथाशी विसंगत आहे.

प्रचलित नावाचा आधार विंचेस्टर येथील मठाच्या १०३१ मध्ये सुरू केलेल्या स्मरणनोंदवहीत आहे. तीत कनूटची बहीण म्हणून ‘सांतस्लावे’ असे नाव आढळते. ते उघडच स्लाव्ह आहे. आणि मुलीस मातेचे नाव दिले असावे, या तर्कावरून संशोधकांनी ते आईलाही लावले. या नोंदीवरून कनूटच्या मातृकुलाचे स्लाव्हत्व दिसते, आईचे नाव सिद्ध होत नाही. मुलीला आजीचे किंवा मावशीचे नाव मिळालेले असू शकते. नॉर्मंडीच्या एमाला इंग्लंडमध्ये एल्फगिफू हे नाव मिळाले, त्याप्रमाणे म्येश्कोच्या कन्येलाही डेन्मार्कमध्ये गुनहिल्ड हे नाव मिळाले असावे, हा अंदाजही त्याच कोटीतील आहे.

म्येश्कोची मुलगी स्वेनची पत्नी आणि हाराल्ड व कनूट यांची आई होती, एवढे निश्चित. एरिकशी तिचा आधीचा विवाह संभाव्य. सिग्रिड ही मुख्यतः सागाकारांची निर्मिती. लाँगफेलोच्या काव्यापासून (१८६३) एल्झब्येता हेरेझिन्स्काच्या हार्दा (२०१६) या पोलिश कादंबरीपर्यंत लेखकांनी या स्त्रीला वाणी दिली आहे, आणि बहुतेकांनी थीटमारने नोंदविलेल्या परित्यक्तेपेक्षा स्नॉरीची मानी राणीच पसंत केली आहे.